किल्ला नवा, वाट जुनी : आयलन डोननच्या पावसाळी रस्त्यावरचा इतिहास

१/१२
तीन खाड्यांच्या संगमावरचे चिमुकले बेट, त्यावर काळपट दगडी किल्ला, मागे ढगांत बुडालेले डोंगर. स्कॉटलंडमधील आयलन डोननचे छायाचित्र पाहणाऱ्यास वाटते की हे सारे मध्ययुगापासून असेच उभे आहे. प्रत्यक्षात आज दिसणारी वास्तू १९३२ साली पूर्ण झाली. या सहलीतला खरा इतिहास किल्ल्यात कमी आणि तिथवर नेणाऱ्या रस्त्यावर अधिक आहे.

२/१२
ग्लासगोहून किल्ल्यापर्यंतचे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. लोमंड सरोवर मागे पडले की हायलँड्स, म्हणजे स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर-पश्चिम भाग, सुरू होतो. पश्चिमेकडून येणारे समुद्री वारे या डोंगरांना अडतात. त्यामुळे काही भागांत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकणात तेवढा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. इथे तो वर्षभर झिरपत राहतो.

३/१२
रॅनॉकचे दलदलीचे पठार ओलांडून रस्ता ग्लेनको दरीत उतरतो. धुक्यातले कडे आणि शेकडो ओहोळ पाहून प्रवासी या दरीला 'गूढ' म्हणतात. १३ फेब्रुवारी १६९२ रोजी इथे घडले त्यात मात्र गूढ काही नव्हते. मॅकडोनाल्ड घराण्याच्या घरी जवळजवळ दोन आठवडे पाहुणचार घेतलेल्या सरकारी सैनिकांनी पहाटे यजमानांवरच शस्त्र धरले. सुमारे ३८ जण मारले गेले. राजनिष्ठेची शपथ वेळेत न घेतल्याची ही शिक्षा होती.

४/१२
पुढचे मोठे गाव फोर्ट विल्यम. त्याच राजाच्या, तिसऱ्या विल्यमच्या, नावाने बांधलेल्या लष्करी ठाण्यावरून गावाचे नाव पडले. येथून उत्तरेकडे जाणारा मार्गही मुळात लष्करी आहे. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांनी, म्हणजे जॅकोबाइटांनी, १७१५ आणि १७१९ साली उठाव केले. त्यानंतर जनरल जॉर्ज वेड याने डोंगराळ मुलखात सुमारे ४०० किलोमीटर रस्ते आणि अनेक पूल बांधले. हेतू एकच होता: तोफा आणि पलटणी वेगाने पोहोचाव्यात.

५/१२
नियतीचा उपरोध असा की १७४५ च्या उठावात याच रस्त्यांचा लाभ जॅकोबाइट सैन्यानेही घेतला. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडन येथे त्या सैन्याचा पाडाव झाला. त्यानंतर हायलँडर पुरुषांच्या पारंपरिक वेषावरही कायद्याने बंदी आली. ती १७८२ पर्यंत टिकली. आज किल्ल्याच्या दुकानात प्रवासी हौसेने विकत घेतो तो चौकड्यांचा लोकरी कपडा एके काळी गुन्ह्याचा पुरावा ठरला असता.

६/१२
इन्व्हरगॅरीपासून रस्ता पश्चिमेकडे वळतो आणि ग्लेन गॅरीची ओसाड, विस्तीर्ण दरी समोर येते. घर दिसत नाही, माणूस दिसत नाही. प्रवासवर्णनांचा आवडता शब्द इथे हमखास येतो: 'अस्पर्श निसर्ग'. हा शब्द चुकीचा आहे, आणि त्याची चूक निरुपद्रवी नाही.

७/१२
ही दरी निसर्गाने रिकामी ठेवलेली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांना कुळांच्या खंडापेक्षा मेंढपाळीतून अधिक उत्पन्न दिसू लागले आणि गेलिक बोलणारी गावेच्या गावे उठवली गेली. इतिहासात हे पर्व 'क्लिअरन्सेस' या नावाने ओळखले जाते. जमीनदार बहुधा परके नव्हते; ते त्या कुळांच्याच टोळ्यांचे वंशपरंपरागत प्रमुख होते. ग्लेनगॅरीचे अनेक विस्थापित कॅनडाला गेले. ऑन्टॅरिओ प्रांतात ग्लेनगॅरी नावाची काउंटी आजही आहे.

८/१२
क्लुनी सरोवर ओलांडले की ग्लेन शील लागते. इथल्या एका शिखराच्या गेलिक नावाचा अर्थ 'स्पॅनिशांचे शिखर' असा आहे. १७१९ च्या उठावाला मदत म्हणून स्पेनने सैनिक पाठवले होते. त्यांपैकी चाळीस-पन्नास आयलन डोननवर दारूगोळा राखत बसले. १० मे रोजी ब्रिटिश आरमाराच्या तीन जहाजांनी किल्ल्यावर तोफा डागल्या, तो जिंकला आणि तिथलीच दारू वापरून उडवून दिला. बरोबर महिन्याने याच दरीत उठावकऱ्यांचा पराभव झाला.

९/१२
त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे बेटावर केवळ पडके अवशेष होते. १९११ मध्ये जॉन मॅकरे-गिलस्ट्रॅप यांनी बेट विकत घेतले आणि पुढे किल्ला पुन्हा उभारला. मुख्य भूमीला जोडणारा, प्रत्येक छायाचित्रात दिसणारा तो कमानींचा पूलही याच काळातला. वेडचे रस्ते त्याहून जवळजवळ दोन शतकांनी जुने आहेत.

१०/१२
मग हा किल्ला खोटा म्हणावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मॅकरे हे किल्ल्याचे स्वामी असलेल्या मॅकेंझी घराण्याचे पिढीजात रक्षक. त्यांना 'मॅकेंझींचे चिलखत' म्हणत. पहिल्या महायुद्धात पडलेल्या मॅकरे पुरुषांचे स्मारक किल्ल्यापाशीच आहे. वंशजांनी पूर्वजांचे घर पुन्हा बांधणे ही इतिहासातील एक खरी घटनाच आहे. अट इतकीच, की तिच्यावर तेराव्या शतकाची नव्हे, विसाव्या शतकाची तारीख घालावी.

११/१२
या कथेचा एक धागा थेट मराठी मुलखात पोहोचतो. १७९२ साली रॉस परगण्यातील लोकांनी हजारो मेंढ्या हाकलून देण्याचा प्रयत्न केला; सैन्य पाठवून तो मोडण्यात आला. पुढच्याच वर्षी मॅकेंझींच्या प्रमुखाने त्याच परिसरातून ७८ वी हायलँडर पलटण उभारली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या बाजूने ही पलटण लढली. जमिनीवरचा हक्क निसटत चाललेल्या मुलखातील तरुण दुसऱ्यांची जमीन जिंकून देण्यासाठी जुई नदीकाठी मेले. साम्राज्याला सैनिक कुठून मिळतात, या प्रश्नाचे एक उत्तर त्या ओसाड दऱ्यांत आहे.

१२/१२
आयलन डोनन अवश्य पाहावा, आणि पावसातच पाहावा. मात्र गाडी केवळ किल्ल्यासमोर थांबवू नये. ग्लेन शीलच्या उतारावर आणि ग्लेन गॅरीच्या माळावरही थांबावे. ओल्या गवतात एखाद्या पडक्या घराचे जोते दिसले, तर त्याला तिकीट नसेल आणि माहितीफलकही नसेल. तरीही ते त्या सुंदर किल्ल्याच्या आजच्या भिंतींपेक्षा बहुधा जुने असेल.