घर आणि मन : न आठवणारी भीती

भरे (ता. मुळशी) येथून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा नऊ वर्षांचा. तो दोन वर्षांचा असताना भाताच्या कणगीमागे धामण निघाली होती. घरात आरडाओरडा झाला, काठ्या निघाल्या, मूल आईच्या कडेवर होते. त्याला यातले काहीही आठवत नाही. पण आजही त्या खोलीत तो एकटा जात नाही. दोरी दिसली तरी थिजतो. घरातले बुजुर्ग म्हणतात, “मुसलमानाचं पोर असून असं भितं? ईमान कच्चं आहे.” भगिनी विचारतात, जे त्याला आठवतच नाही त्याची भीती राहील कशी? आणि समजावून सांगितले तर ती जाईल का?

ईमानाचे आधी बोलू. हजरत मूसा (अलै.) यांच्या काठीचा साप झाला तेव्हा ते पाठ फिरवून निघाले, हे कुरआनात आले आहे. पुढे जादूगारांच्या दोऱ्या आणि काठ्या सरपटताना भासल्या तेव्हाही त्यांच्या मनात भीती दाटली. दोन्ही वेळा अल्लाहने त्यांना धीर दिला. कमकुवत ईमानाचा ठपका ठेवला नाही. पैगंबरांच्या बाबतीत जे घडले ते नऊ वर्षांच्या पोराच्या बाबतीत लाजेचे कसे ठरते, हे बुजुर्गांना अदबीने विचारावे.

आता मुख्य प्रश्न. जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका रुग्ण बाईची हकीकत छापली. तिला नवे काही लक्षात राहत नसे. रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही ती ओळखत नसे. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. (आजच्या काळात असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच.) थोड्या वेळाने ती टोचणी विसरली. पण डॉक्टरांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला नीट सांगता येईना.

१९९५ मध्ये अमेरिकेत आंतोनियो दमासिओ यांच्या पथकाने याची अधिक नीट तपासणी केली. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांना इजा झालेल्या रुग्णांना रंगीत चित्रे दाखवली. एका ठरावीक रंगानंतर कानठळ्या बसवणारा भोंगा वाजे. एका रुग्णाचा आठवणी साठवणारा भाग निकामी होता. कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो हे त्याला सांगता आले नाही, पण तो रंग दिसताच त्याच्या हाताला घाम सुटे. दुसऱ्याच्या मेंदूतली बदामाच्या आकाराची अ‍ॅमिग्डाला ही गाठ निकामी होती. त्याने रंग अचूक सांगितला, पण हात कोरडाच. म्हणजे ‘मला ठाऊक आहे’ आणि ‘मला भीती वाटते’ या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतात.

एवढ्यावरून मात्र मुलाच्या मनात सात वर्षांपूर्वीची धामण दडून बसली आहे, असे म्हणायची घाई नको. हे रुग्ण आजारी मेंदूचे होते. धडधाकट माणसांवर झालेल्या बऱ्याच प्रयोगांत उलट दिसले. ज्यांना खूण आणि धोका यांचा संबंध लक्षातच आला नाही, त्यांच्यात भीतीही फारशी रुजली नाही. लव्हिबाँड आणि शँक्स या अभ्यासकांनी २००२ मध्ये सगळे पुरावे चाळून, नकळत भीती शिकल्याचे दाखले कच्चे असल्याचे मत मांडले. शास्त्रज्ञांत हा वाद अजून चालू आहे.

माझा कल असा की त्या मुलाने ही भीती कानांनी शिकली असावी. न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ फेल्प्स यांनी २००१ मध्ये काही माणसांना फक्त सांगितले की अमुक रंग दिसला की विजेचा झटका बसू शकेल. झटका कोणालाच दिला नाही. तरी तो रंग दिसताच त्यांची अ‍ॅमिग्डाला जागी झाली. भगिनी, दर पावसाळ्यात तुमच्या घरी त्या धामणीची गोष्ट निघते का? पाहुण्यांपुढे, मुलाच्या देखत, “बाई गं, केवढी होती!” असे? मग मुलाला ती आठवण्याची गरजच काय! आपल्यातल्या कितीतरी मुलांनी स्वतः न पाहिलेल्या १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीची धास्ती अशीच, मोठ्यांच्या दबल्या आवाजातल्या बोलण्यातून घेतलेली असते.

समजावून जाईल का? काही भीती जातेही. प्रयोगात झटक्याच्या तारा हातावरून काढल्या की बहुतेक खुणांची भीती लगेच ओसरते. पण नॉर्वे-स्वीडनच्या ह्यूगडाल आणि ओमान यांनी १९७७ मध्ये साप आणि कोळी यांची चित्रे वापरली, तेव्हा तारा काढल्याचे समजूनही अंगाची भीती रेंगाळली. म्हणून “धामण बिनविषारी असते, उंदीर खाते” हे जरूर सांगा, पण तेवढ्याने तो खोलीत शिरेल अशी अपेक्षा धरू नका.

त्याला ढकलून आत पाठवू नका, बाहेरून कडी तर मुळीच लावू नका. अब्बांनी दिवसा, दार उघडे ठेवून, त्याच्या देखत रमतगमत आत जावे, भात काढावा, बाहेर यावे. माकडांवरच्या प्रयोगात दिसले आहे की सापापुढे शांत राहणारे माकड आधी पाहिलेल्या माकडांत सापाची भीती सहजी रुजत नाही. मग एके दिवशी उंबऱ्यापर्यंत, काही दिवसांनी कणगीपर्यंत. थांबायचे कुठे हे त्याने ठरवावे. महिना-दोन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा झोप आणि शाळा बिघडू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. दुआ करा, दम करा, पण त्यासाठी डॉक्टर टाळू नका.

सगळीच भीती घालवायची नाही. एकाच बिळापाशी दोनदा दंश करून घेणाऱ्याविषयीची प्रेषितांची (स.) हदीस आपणां सर्वांना ठाऊक आहे. मुळशीच्या पावसात नाग, घोणस, मण्यार खरेच निघतात. रात्री बाहेर पडताना बॅटरी हवी, जमिनीवर झोपू नये, आणि दंश झालाच तर चिरणे, चोखणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता माणसाला न चालवता सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तिथेच मिळते.

आणि ती कणगी भिंतीपासून हातभर पुढे ओढून घ्या. मागे झाडता येईल, उंदीर कमी होतील, आणि उंदरांच्या मागावर येणारी धामणही.