जळगांवाहून धुळ्यास

दर मार्गशीर्षांत एकदां खानदेशांत जाऊन यावें असा आमच्या घरीं बेत ठरतो आणि दर मार्गशीर्षांत तो मोडतो. कधीं मुलीची परीक्षा आडवी येते, कधीं यजमानांची रजा, तर कधीं कोणाचें आजारपण. अशीं सहा वर्षें गेलीं. यंदा मात्र धुळ्याहून आत्याच्या नातवाचा निरोप आला कीं, राहतें घर पाडून तेथें मजल्यांची इमारत व्हावयाची आहे. अक्षय्यतृतीया झाली कीं आजीला आपल्याबरोबर बंगळुरास न्यावयाची. तत्पूर्वीं घर पाहून घ्यावयाचें असेल तर या. आत्याला ८६ वें वर्ष लागलें आहे. तेव्हां परीक्षा आणि रजा या दोहोंना बाजूस सारून आम्ही तिघें निघालों.

रात्रीच्या गाडीनें जळगांवास थोरल्या दिरांकडे उतरलों. चंपाषष्ठी होऊन गेली होती, म्हणजे चातुर्मासांत बंद झालेली वांग्याची वाट मोकळी झाली होती. थोरल्या जाऊबाईंनीं परसांत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यांवर पांढरट हिरवीं, हातभर वांगीं भाजावयास घातलीं होतीं. भरीत आणि कळण्याची भाकरी हें जेवण ज्यानें मार्गशीर्षांतल्या थंडींत खाल्लें नाहीं त्याला खानदेशचा पाहुणचार समजला असें म्हणतां येणार नाहीं. वांगीं आसोद्याचीं होतीं. आसोदें जळगांवाहून अगदीं जवळ, आणि भरिताच्या वांग्यांबरोबरच तें बहिणाबाई चौधरी यांचें माहेरगांव म्हणूनहि प्रसिद्ध.

जेवतां जेवतां बोलणें साहजिकच त्यांच्याकडे वळलें. १८८० सालीं जन्मलेल्या या बाईंना अक्षरओळख नव्हती. शेतांत, जात्यावर, चुलीपुढें काम करतांना त्या गाणें रचीत आणि म्हणून मोकळ्या होत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवि. त्यांनीं व घरांतील इतरांनीं तीं गाणीं वेळोवेळीं उतरून घेतलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई गेल्या आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचीं गाणीं महाराष्ट्राच्या हातीं आलीं. जळगांवास १९९० सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचेंच नांव आहे; ज्या बाईला लिहितां येत नव्हतें तिचें नांव आज हजारों मुलांच्या पदवीपत्रावर छापलें जातें.

आमची मुलगी पंधरा वर्षांची. तिनें विचारलें, "काका, त्यांनीं उतरून घेतलीं नसतीं तर?"

भाऊजी म्हणाले, "तर आसोद्याचीं वांगीं तेवढीं आपल्याला ठाऊक असतीं. वाढा हो, हिला आणखी वाढा."

सगळीं हंसलीं. मी हंसलें खरी. परंतु तो प्रश्न माझ्या मनांत रुतला, आणि दुसऱ्या दिवशीं धुळ्यापर्यंत तो माझ्या सोबतीला होता.

जळगांव ते धुळें हें अंतर नव्वदएक किलोमीटरांचें. १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यांत आले तेव्हां पूर्वेचें ठाणें जळगांव व पश्चिमेचें धुळें झालें. पश्चिमेंतून १९९८ सालीं नंदुरबारहि वेगळें निघालें. जिल्हे तीन झाले, परंतु सोयरिकी एकच राहिल्या. या रस्त्यावर असें गांव क्वचितच असेल जेथें आमच्या कोणाची मुलगी दिली नाहीं किंवा कोणाची केली नाहीं.

सकाळीं सातास भाऊजींच्या मोटारींतून आम्ही निघालों. गांव सुटतांच बांभोरीपाशीं गिरणेचा पूल लागतो आणि नदीच्या कांठीं विद्यापीठाच्या इमारती दिसतात. तेथून पुढें दोन्ही अंगांस काळी जमीन आणि तिच्यावर फुटलेली कपाशी. या दिवसांत हें शेत दुरून पाहावें. जणूं रात्रीं चांदणें पडलें आणि सकाळीं परत जावयाचें विसरलें. जवळून पाहिलें म्हणजे मात्र ओळीओळीनें वांकलेल्या बायका दिसतात. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडावर. रस्ता आतां रुंद झाला आहे. त्यामुळें मोटार वेगानें जाते आणि त्या काय गातात तें ऐकूं येत नाहीं.

एरंडोलास चहा घेतला. येथून डावीकडे कांहीं कोसांवर टेकड्यांच्या कुशींत पद्मालय आहे. कमळांच्या तळ्याकांठीं दगडी देऊळ, आंत एक डाव्या व एक उजव्या सोंडेचा अशा गणपतीच्या दोन मूर्ति शेजारीं शेजारीं. मुलीला दोन्ही देवांपुढें परीक्षेचें गाऱ्हाणें निरनिराळें घालावें लागलें. एरंडोलाहून उजवीकडे जाणारी वाट धरणगांवची. बालकवि ठोमरे तेथें १८९० सालीं जन्मले, १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत 'बालकवि' ठरले, आणि १९१८ सालीं भादलीच्या स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून गेले. उणीपुरी सत्तावीस वर्षें. त्यांची कविता कागदावर होती म्हणून राहिली.

पारोळें आलें तसें माझें बोलणें आपोआप थांबलें. पारोळ्याचा किल्ला गांवांतच आहे. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या सासरच्या नेवाळकर घराण्याशीं त्याचें नांव जोडलेलें आहे. परंतु माझ्या लेखीं पारोळें म्हणजे किल्ला नव्हे. माझें माहेर तें. वडील गेल्यावर घर विकलें गेलें. त्यालाहि पुष्कळ दिवस झाले. यजमानांनीं न विचारतां मोटार त्या आळींत घ्यावयास लावली. दाराचा रंग बदलला होता. ओटा तोच होता. मी उतरून उभी राहिलें, तेवढ्यांत एक बाई बाहेर आल्या आणि त्यांनीं सभ्यपणें विचारलें, "कोण हवें आहे आपल्याला?"

मी म्हणालें, "कोणी नाहीं." आणि परत मोटारींत येऊन बसलें.

याच घराच्या माजघरांत एक जातें होतें. माझ्या लहानपणीं पीठ गिरणींतूनच येई. परंतु भाजणी, मेतकूट आणि लग्नकार्याची हळद जात्यावरच दळावयाची असा आजीचा दंडक होता. आखाजीला आत्या धुळ्याहून माहेरीं येई. मग ती आणि माझी आई, नणंदभावजया, समोरासमोर बसत, खुंट्याला दोघींचे हात, आणि एकीनें ओवी उचलावी, दुसरीनें ती पुरी करावी. आम्हां मुलांची पहांटेची झोंप त्या आवाजांत मुरत असे. आईला चाळीसपन्नास ओव्या तरी येत असतील. त्या लिहून काढाव्यात म्हणून मीं एक वही विकत घेतली होती. ती वही पुढें वाण्याच्या हिशेबाला लागली. आई जाऊन चार वर्षें झालीं.

पारोळ्याहून उजवीकडे अमळनेरची वाट फुटते. तेथील प्रताप हायस्कुलांत १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत बसून त्यांनीं 'श्यामची आई' लिहिली. मुलीनें तें पुस्तक दोनदां वाचलेलें. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनींहि आईचेंच सांगणें उतरून ठेवलें." मी खिडकीबाहेर पाहात राहिलें.

धुळें हें पांझरेच्या कांठचें आखीव गांव. इंग्रजी अंमलाच्या आरंभीं कॅप्टन ब्रिग्ज यांनीं सरळ गल्ल्यांची आखणी केली. अजूनहि जुन्या पेठेंत गल्ल्यांना नांवांऐवजीं नंबर आहेत. आत्या ओसरीवरच बसली होती. मी पायां पडलें. ती म्हणाली, "सहा वर्षें माझ्या घराची वाट कुठें हरवली होती, ग?" माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि तिलाहि तें नकोच होतें. लगेच विचारलें, "पारोळ्याला उतरलां का? दार कसलें लावलें आहे?" मीं रंग सांगितला. ती कांहीं बोलली नाहीं.

जेवणें झाल्यावर मीं हळूच ओव्यांचा विषय काढला. मुलीनें आपला मोबाइल पुढें ठेवला. आत्यानें पदर सारखा केला, घसा खाकरला आणि एक ओळ म्हणून ती थांबली. दुसरी सुरू केली. ती अर्ध्यावर तुटली. "नाहीं बाई, गेलें सारें. आतां भाजीत मीठ घातलें का तेंहि आठवत नाहीं." मुलीनें भुलाबाईचीं गाणीं विचारलीं. तेव्हां आत्या फणकाऱ्यानें म्हणाली, "भुलाबाई मार्गशीर्षांत कुठली?" नातवानें आम्हांला खुणेनें सांगितलें कीं आतां पुरे.

मला त्या घटकेला फार वाईट वाटलें. आईच्या वेळीं उशीर केला तो केलाच, आणि येथेंहि उशीरच झाला.

दुपार उतरल्यावर सामानाची आवराआवर चालली होती. नातसून कोपऱ्यांतील पेट्या हलवीत होती. सर्वांत खालच्या पेटीखालीं, फरशीवर, जातें निघालें. मुलीनें खऱ्याखुऱ्या घरांतलें जातें पहिल्यानेंच पाहिलें. "हें अजून फिरतें?" तिनें विचारलें. आत्या म्हणाली, "फिरायला काय झालें? मूठभर ज्वारी आण." मुलीच्यानें तें एकटीला ओढवेना. तेव्हां आत्या भिंतीच्या आधारानें खालीं बसली, एक पाय लांब केला आणि मुलीच्या हाताच्या वर आपला हात खुंट्याला लावला.

जातें दोनदां अडखळलें, मग घुमूं लागलें. आणि कोणीं कांहीं विचारलेलें नसतां आत्या गाऊं लागली. दुपारीं तुटलेली ओळ आली, तिच्यामागोमाग पुढची आली, मग माहेराची, मग भावाची, मग विठ्ठलाची. मोबाइल दुसऱ्या खोलींत राहिला होता. तो आणावयास उठलें तर तंद्री मोडेल म्हणून यजमानांनीं खिशांतील टांक काढला आणि नातवाच्या सामानाच्या यादीच्या पाठीवर लिहूं लागले. कागद संपला तेव्हां नातवानें स्वतः वही आणून दिली.

दिवे लागेपर्यंत एकतीस ओव्या मिळाल्या. एकीची दुसरी ओळ मात्र आत्याला कांहीं केल्या सांपडेना. जातें थांबवून ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, "ही तुझी आई पुरी करायची. मी नुसती उचलून द्यायची. मला ती येतच नव्हती कधीं." वहींत तेवढी जागा कोरी सोडली आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं राजवाडे संशोधन मंडळावरून गेलों. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं उभी हयात गांवोगांवचीं जुनीं दप्तरें हुडकण्यांत घालविली. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड निघाला, आणि १९२६ च्या ३१ डिसेंबरास धुळ्यासच त्यांनीं देह ठेवला. याच गांवीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठोमठीं हिंडून रामदासी बाडें गोळा केलीं. आणि याच गांवच्या तुरुंगांत २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ पर्यंत दर रविवारीं विनोबांनीं गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलें. अठरा अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजी तेथें कैदी होते, आणि त्यांनीं तीं उतरून घेतलीं, म्हणून 'गीता-प्रवचनें' आज आपल्या देव्हाऱ्यांत आहेत. सांगणारा थोर असतोच. परंतु शेजारीं लिहून घेणारा बसला नसता तर तुरुंगाच्या भिंतीखेरीज तें कोणीं ऐकलें असतें?

आत्याच्या सासरच्या मोडी कागदांचाहि एक रुमाल घरांत होता. वतनाचे, देण्याघेण्याचे, वांटणीचे कागद. पांच पिढ्या तो वाळवीपासून जपला. वाचतां कोणालाच येत नाहीं, तरी जपला. तो जाणत्यांच्या स्वाधीन करावयाचें घरांत ठरलें आहे, आणि तें योग्यच झालें. परंतु त्याच घरांत पांच पिढ्यांच्या बायकांनीं पहांटे जें म्हटलें त्याला रुमाल कोणीं बांधला नाहीं. पुरुषांनीं बांधला नाहीं, हें म्हणणें सोपें आहे. मीं तरी कुठें बांधला? मी शिकलेली, मला लिहितां येत होतें, वहीहि घेतली होती.

निघतांना आत्यानें खापरावरचे मांडे बांधून दिले. जात्याचें काय करणार, असें मीं विचारलें. "माझ्याबरोबर तें विमानांत येणार आहे होय?" ती म्हणाली. "इथेंच राहील. हिच्या हाताला घट्टे पडले का पाहा." मुलीनें तळवे पुढें केले. आत्यानें ते दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिले.

परतीच्या वाटेवर पारोळ्यास आम्ही थांबलों नाहीं. जळगांवास पोंचल्यावर मुलीनें वही थोरल्या जाऊबाईंना दाखविली. त्या वाचीत वाचीत म्हणाल्या, "ही आमच्याकडे निराळी म्हणतात," आणि चष्मा काढून त्यांनीं ती म्हणून दाखविली. मुलीनें पान उलटून लिहावयास घेतलें. वही आतां जळगांवासच आहे. आखाजीपर्यंत ती जाऊबाईंच्या माहेरीं जाऊन परत यावयाची आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी कोणी आत्या, आजी किंवा मावशी असेल त्यांना एवढेंच सांगणें कीं, तिच्यापुढें कागद घेऊन बसूं नका. तिला लाज वाटते आणि आठवत नाहीं. तिच्या हाताला तिचें काम द्या. जातें नसेल तर निवडावयास तांदूळ द्या, वळावयास वाती द्या. मग टांक हातीं घेऊन गुपचूप शेजारीं बसा. मात्र हें मार्गशीर्षांत करूं, पौषांत करूं, मुलांच्या परीक्षा झाल्यावर करूं, असें म्हणूं नका. तसें म्हणणाऱ्या घरच्या वहींत एक ओळ कोरी आहे.