चोवीस घोडे आणि एक म्हैस

घोड्याने गवताशी दोस्ती केली तर तो खाणार काय, असा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वीपासून विचारला जातो. आमच्या अण्णांनी गेल्या गुढीपाडव्याला एकदम चोवीस घोडे विकत घेतले. त्यांतला एकही गवत खात नाही. तरीसुद्धा दसऱ्यानंतरच्या एका सकाळी त्या चोवीस जणांनी मिळून तीन एकर गवताचं जे काही केलं, ते पाहून खरा घोडा शरमेने मान खाली घालून उभा राहिला असता. चोवीस घोडे म्हणजे अर्थात चोवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर. लाल रंग, बॉनेटवर हळदीकुंवाचं स्वस्तिक आणि मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, आमच्या बँकेचं नाव.

आधीच कबूल करून टाकतो, त्या कर्जाचा अर्ज मीच भरला. अण्णा माझे चुलतभाऊ, मी निफाडच्या शाखेत कारकून. बी.कॉम. झाल्यापासून दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करण्यात माझी वीस वर्षं गेली. ‘कर्जाचा उद्देश’ या रकान्यात मी ‘द्राक्षबाग फवारणी व आंतरमशागत’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि ते खोटं नव्हतं. द्राक्षाच्या दोन ओळींतून जाणारा लहान ट्रॅक्टर ही निफाडात चैन नव्हे. पाठीवर पंप घेऊन औषधाच्या धुक्यात दिवस काढलेल्या माणसाला विचारा. तेव्हा हा कारकून यंत्राच्या विरुद्ध आहे, बैलगाडीच्या काळात परत चला म्हणतो, असा समज करून घेऊ नये. मी स्वतः स्कूटरवरून ऑफिसला जातो. माझं भांडण ट्रॅक्टरशी नाही. उभ्या ट्रॅक्टरशी आहे.

फवारणी काही रोज नसते. बाकीचे दिवस ट्रॅक्टर लिंबाखाली उभा असतो आणि व्याज मात्र उभं राहत नाही. पावणेसहा लाख रुपये, द.सा.द.शे. दहा, म्हणजे दिवसाला एकशे सत्तावन्न रुपये. हा हिशेब मीच एकदा चहा पिता पिता अण्णांना सांगितला आणि ती माझी दुसरी चूक. त्या दिवसापासून अण्णा ट्रॅक्टरकडे, बिनकामाच्या जावयाकडे बघावं तसे बघायला लागले. ह्याला काहीतरी काम लावलं पाहिजे! आमच्या घरी पहिल्यांदा मिक्सर आला तेव्हा आम्ही आठ दिवस वरणसुद्धा मिक्सरमधून काढलेलं खाल्लं होतं. वस्तू घरात आली की ती आपल्यासाठी राहत नाही, आपण तिच्यासाठी कामं शोधत फिरतो.

अण्णांना सापडला तो माळ.

निफाड तालुक्यात मुळात गवताला जागा उरलीय कुठे? गोदावरी, कादवा आणि कालवे यांच्या कृपेने जिथे पाणी पोचलं तिथे द्राक्षं आली, ऊस आला, लासलगावला जाणारा कांदा आला. नांदूरमध्यमेश्वरच्या पाखरांना २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. गवताला असं कोणी विचारलेलं नाही. आमच्या घराण्याचा हा तीन एकराचा माळ खडकाळ म्हणून वाचला. त्यावर मारवेल, पवना आणि, पायमोज्यांना आयुष्यभर आठवण राहावी अशी, कुसळी उगवते. वस्तीवरच्या मावशी आणि त्यांची सून दर दसऱ्यानंतर विळे घेऊन यायच्या. निम्मं त्यांचं, निम्मं आमचं. तोंडी करार, स्टँप नाही, जामीन नाही, आणि माझ्या माहितीत एकदाही थकबाकी नाही. अठरा दिवस लागायचे. तीन हजारांच्या आसपास पेंढ्या व्हायच्या, गवताच्याच काड्यांना पीळ देऊन बांधलेल्या. मावशींच्या वाट्याच्या दीड हजार पेंढ्या म्हणजे त्यांच्या म्हशीचा आठ महिन्यांचा कोरडा चारा.

अण्णांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. उलट चांगला होता, आणि या देशातली निम्मी नुकसानी चांगल्या हेतूंनीच झालेली आहे. ते म्हणाले, “मावशीनं किती वर्षं वाकायचं? औंदा मी कापून देतो. तिनं नुसतं उचलायचं.” त्यांनी मोबाइलवर एक फिल्म पाहिली होती. कुठल्यातरी परदेशातलं हिरवंगार कुरण, ट्रॅक्टर संथपणे चाललेला आणि मागे गवताचे गोल गठ्ठे आपोआप पडतायत, कोंबडीने अंडी घालावीत तसे. त्या फिल्ममध्ये एक यंत्र गवत बुडातून कापून आडवं पाडतं, दुसरं ते उलटंपालटं करून वाळवतं, तिसरं त्याच्या ओळी लावतं आणि चौथं गठ्ठे बांधतं, ही गोष्ट अण्णांच्या लक्षात आली नाही. त्यांनी एकच अवजार आणलं. अडतीस हजारांचं. विक्रेत्याने त्याला ‘गवत काढायचं’ म्हटलं, आणि तोही खोटं बोलला नाही. ट्रॅक्टरमागे लोखंडी झाकण, त्याखाली गरागरा फिरणारी जाड पाती. हे यंत्र गवत कापत नाही, त्याला झोडपतं. रान साफ करायचं असेल, कापलेलं तिथेच कुजवायचं असेल तर झकास. पेंढी बांधायची असेल तर त्याच्यापेक्षा गारपीट बरी.

मुहूर्ताला मी रजा टाकून गेलो होतो. खंडेनवमीला ट्रॅक्टरबरोबर घरातल्या विळ्याचीही पूजा झाली होती, त्याच्या मुठीवरचं कुंकू अजून तसंच होतं. अण्णांनी नारळ फोडला, गॉगल चढवला आणि निघाले. साडेतीन तासांत तीन एकर! मध्ये दोनदा दगड पात्यावर आला. एक उडून थेट पाण्याच्या टाकीला भोक पाडून गेला. पण माळ काय दिसत होता म्हणता! क्रिकेटचं मैदान. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या.

मग मावशी आल्या. खाली बसल्या. मुठीत गवत उचललं. बोटबोट लांबीचे तुकडे, निम्मे मातीत मिसळलेले. ते बोटांतून गळून गेले. त्यांनी पुन्हा मूठ भरली, ती पण गळली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “भाऊ, याची पेंढी कशी बांधू?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी टाकीच्या भोकाकडे बघितलं.

आता मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला ताळेबंद मांडल्याशिवाय झोप येत नाही. जुन्या पद्धतीत खर्चाच्या बाजूला अठरा दिवसांचा दोन वेळचा चहा. जमेला अण्णांच्या दीड हजार पेंढ्या, शेकडा पाचशेच्या भावाने साडेसात हजार रुपये, आणि तेवढ्याच मावशींना. नव्या पद्धतीत खर्चाला डिझेलचे नऊशे, वाकलेलं पातं, टाकीची दुरुस्ती, अवजाराची किंमत आणि ट्रॅक्टरचं व्याज. जमेच्या बाजूला टाळ्या.

“पण वेळ किती वाचला!” असं आमचे साडू म्हणाले. हे वाक्य मला हल्ली जिथेतिथे भेटतं आणि दर वेळी माझं डोकं उठतं. मान्य, अठरा दिवसांचं काम साडेतीन तासांत झालं. मग उरलेले सतरा दिवस कोणाच्या खात्यात जमा झाले? अण्णांचे पिंपळगावला पातं सरळ करून आणण्यात आणि टाकीवाल्याची वाट बघण्यात गेले. मावशींचे सतरा काय, सत्तर दिवस कालव्याच्या कडेने आणि लोकांच्या बांधावर मूठमूठ गवत गोळा करण्यात गेले. वेळ वाचला नाही हो, तो एका घरातून दुसऱ्या घरात ढकलला.

“मजूर मिळत नाहीत,” हे दुसरं. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत निफाडात मजूर मिळत नाही हे खरंच आहे. पण मावशींना मजुरी कुठे होती? त्या वाटेकरी होत्या. त्यांना गवत हवं होतं म्हणून त्या आपण होऊन येत होत्या. न मागितलेल्या टंचाईवर आपण पावणेसहा लाखांचं औषध घेतलं.

ह्याच निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देताना त्यांनी सांगितलं होतं की इंग्लंडातले अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला अण्णांच्या माळावर ओढणं बरोबर नाही, पण माळ त्यांच्याच गावाजवळचा आहे, काय करणार!

माघात मावशी बँकेत आल्या. त्यांच्या म्हशीच्या कर्जाचा अर्जही माझ्याच अक्षरातला. त्याची परतफेड दुधाच्या पगारातून व्हायची. विकतचा चारा आणायला लागल्यापासून दुधाचा पगार चाऱ्यातच जात होता. दोन हप्ते राहिले होते. माळावर मला ‘भाऊ’ म्हणणाऱ्या मावशी काउंटरवर ‘साहेब’ म्हणतात. “साहेब, म्हैस इकली तर खातं बंद होतं का?” मी आकडा सांगितला, एकेचाळीस हजार दोनशे. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि मागच्या माणसाला जागा दिली. माझ्या एकाच पेनाने भरलेल्या दोन अर्जांपैकी एकाने दुसऱ्याला खाल्लं होतं आणि दोन्ही फायली नियमाप्रमाणे होत्या.

संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उसाच्या वाढ्याची ट्रॉली मावशींच्या दारात नेऊन ओतली, त्याच ट्रॅक्टरने. ऊसतोड चालू आहे तोवर ते पुरेल. म्हैस अजून दावणीला आहे.

परवा अण्णा शाखेत आले. चेहरा उजळलेला. त्यांनी आणखी एक फिल्म पाहिली होती. “चूक अवजारात होती रे! बुडातून कापायचं वेगळं मिळतं. आणि गठ्ठे बांधायचंही घेऊन टाकू. म्हणजे मावशीला तयार गठ्ठाच देता येईल. कर्जाचा फॉर्म दे.”

मी सांगितलं, फॉर्म संपलेत. फॉर्म कॉम्प्युटरवर असतात आणि कधीच संपत नाहीत, हे अण्णांना ठाऊक नाही. ते सोमवारी पुन्हा येणार आहेत. सोमवारी मी रजेवर आहे.