परदेशात शिकवायला निघालात? आधी पगाराचा कागद वाचा

बी.एड. करून विनाअनुदानित शाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या शिक्षकाला परदेशातल्या नोकरीची जाहिरात का ओढते, हे कुणी समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात शिक्षणसेवकाचं मानधन 2023 मध्ये वाढलं, तेव्हा कुठे ते प्राथमिकला महिना 16 हजार आणि उच्च माध्यमिकला 20 हजार झालं. म्हणून जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. जरूर जा. पण सही करण्याआधी पैशांचे कागद स्वतः वाचा, कारण तुमच्या वतीने ते दुसरं कुणीही वाचत नाही.

हे शब्दशः खरं आहे. दहावी नापास मजूर आखातात निघाला, तर उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय त्याला जाता येत नाही. दहावी आणि त्यापुढे शिकलेल्यांना ही मंजुरी लागत नाही. परिचारिकांची फसवणूक फार वाढली, तेव्हा 2015 मध्ये सरकारने त्यांच्यासाठी आखातासह 18 देशांपुरती ती सक्तीची केली. शिक्षकांसाठी तसं काही झालेलं नाही. पदवीमुळे दार उघडतं आणि त्याच पदवीमुळे तुमचा करार सरकारी टेबलावर जातच नाही.

जाहिरातीखाली कधी मुंबईचा पत्ता असतो, कधी चंदीगडचा. एअरोसिटीचंच घ्या. चंदीगडच्या विमानतळाला लागून वसलेली ही वसाहत बोलण्यात चंदीगडची असली, तरी ती पंजाबातल्या मोहाली जिल्ह्यात येते. उद्या तक्रार करायची वेळ आली तर चंदीगडचे पोलीस तुम्हाला मोहालीला पाठवतील, हे आधीच ध्यानात ठेवा. पंजाबात व्हिसा सल्लागाराला 2012 च्या राज्य कायद्याखाली जिल्हा प्रशासनाचा परवाना घ्यावा लागतो. तो भिंतीवर फ्रेम करून लावलेला पाहून गाफील राहू नका. परदेशी नोकरीसाठी माणसं भरायची तर 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडची वेगळी नोंदणी लागते. तो क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. दोन-तीन लाख तेही रोख मागणाऱ्याच्या कार्यालयातून उठून यावं, मग ते कितीही चकचकीत असो.

आता पगाराकडे वळू. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, त्याची फोड मागा. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार. समजा, महिना 6,000 दिरहम ठरले. हा सगळा मूळ पगार असेल, तर चार वर्षांनी 16,800 दिरहम हाती येतात. त्यातले 2,400 मूळ आणि बाकी भत्ते असं लिहिलं असेल, तर फक्त 6,720. दरमहा हातात तेवढेच पडत असल्यामुळे ही गोष्ट निघायच्या दिवसापर्यंत लक्षातही येत नाही.

दक्षिण कोरियातल्या खासगी शिकवणी वर्गांत परदेशी शिक्षकांना वेगळा अनुभव येत आला आहे. करार नोकरीचा असतो, पण मालक कागदोपत्री शिक्षकाला स्वतंत्र व्यावसायिक दाखवतो आणि पगारातून सरसकट 3.3 टक्के कर कापतो. कर कमी कापला म्हणून शिक्षक खूश. पेन्शन आणि आरोग्यविम्यातला मालकाचा वाटा मात्र बुडतो आणि वर्षाअखेर मिळणारा एका महिन्याचा पगारही वादात सापडतो. म्हणून पगारपत्रकावर तुम्ही ‘कर्मचारी’ आहात की नाही, हे पाहाच.

सगळ्यात घातक म्हणजे दोन करार. सरकारला दाखवायला एक, तुम्हाला द्यायला दुसरा. आपल्याकडच्या काही संस्थांत सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, हे सोसून अनेक शिक्षकांना गप्प राहायची सवय लागली आहे. परदेशात तीच गप्प राहण्याची सवय अंगाशी येते, कारण हा प्रकार उघड झाला तर खोट्या कागदावर सही तुमची असते.

दाद मागितली तर मिळतेही. अमेरिकेत लुइझियानाच्या शाळांत फिलिपिन्समधून नेलेल्या सुमारे साडेतीनशे शिक्षकांकडून एजंटने अवाच्या सवा पैसे उकळले होते. 2012 च्या डिसेंबरमध्ये ज्युरीने त्यांना 45 लाख डॉलर भरपाई दिली. मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीने व्हिसाचा खर्च परदेशी शिक्षकांच्याच माथी मारला होता. 2011 मध्ये काउंटीला हजाराहून अधिक शिक्षकांचे 42 लाख डॉलर परत द्यावे लागले. अशा वेळी पावत्या जपल्या आहेत की नाही, यावर आपली बाजू किती भक्कम हे ठरतं. म्हणून त्या जपा.

‘दुबईत टॅक्सच नाही’ हे एजंटचं आवडतं वाक्य. पण आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. ऑक्टोबरमध्ये निघालात, तर त्या वर्षी भारतात 182 दिवस आधीच भरलेले असतात. मग त्या वर्षापुरते तुम्ही साधारणपणे इथले रहिवासीच ठरता आणि मार्चपर्यंतचा दुबईचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. अमेरिकेबरोबरच्या करारात शिक्षकाला दोन वर्षांपर्यंत तिथला आयकर माफ आहे, मात्र मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला तर आधीची माफीही जाते. तीन वर्षांच्या नेमणुकीवर जाणाऱ्यांनी हे विचारूनच निघावं. सीएला दिलेले दोन हजार इथे वाया जात नाहीत.

पर्यटक व्हिसावर ‘तिथे पोचल्यावर बदलून देऊ’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कामाचा व्हिसा हातात आल्याशिवाय इथल्या शाळेत राजीनामा देऊ नका. कराराची, पगाराच्या फोडीची आणि प्रत्येक पावतीची प्रत घरी आई-वडिलांकडे किंवा भावंडांकडे ठेवा. तिथे पगार थकला किंवा पासपोर्ट काढून घेतला, तर हेच कागद जोडून घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. एजंटविरुद्ध तक्रार करायला मुंबईत आणि चंदीगडमध्येही उत्प्रवासी संरक्षकाचं कार्यालय आहे. पहिला पगार चुकला की त्याच आठवड्यात लेखी विचारा, तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका.