पाचशे पन्नास टक्के लाभांशाचा अर्थ

सोलापूरहून तुळजापूरला निघालेल्या प्रवाशाला धाराशिव जिल्ह्यात शिरल्यावर थोड्याच वेळात तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमारास भवानीच्या दर्शनाला पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ याच रस्त्याने वाहत असते. एरवी या गावाच्या दोन खुणा वाटसरूच्या ध्यानात राहतात. एक बालाजी अमाईन्स या रसायन कंपनीचा कारखाना आणि दुसरी महामार्गावरील टोलनाका. दोन्ही ठिकाणी दररोज उत्पन्न निर्माण होते, आणि दोन्ही ठिकाणचे उत्पन्न शेवटी कुठल्या ना कुठल्या गुंतवणूकदाराच्या हाती पडते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम बँकेत ठेवून तिच्या व्याजावर घर चालविणाऱ्या या परिसरातील शिक्षकाला, तलाठ्याला किंवा एस. टी. कर्मचाऱ्याला या उत्पन्नाचे आकर्षण वाटू लागले असेल तर त्यात नवल नाही.

व्याजाचे दर उतरले की हा विचार प्रबळ होतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. मुदत ठेवींचे दर त्यामागोमाग घसरले. कर्जदाराला या कपातीने दिलासा मिळाला. ठेवीदाराच्या वाट्याला मात्र त्याच कपातीची दुसरी बाजू आली. वीस लाखांच्या ठेवीवरील व्याज एका टक्क्याने कमी झाले, तर वर्षाला वीस हजार रुपयांची तूट पडते. ज्याचे दुसरे उत्पन्न नाही, त्याच्या दृष्टीने हा औषधांचा वर्षभराचा खर्च असू शकतो.

तथापि, उतरलेला दर आणि घटलेले उत्पन्न या दोन गोष्टी सर्वस्वी एक नव्हेत. २०२०-२१ साली स्टेट बँकेच्या दीर्घ मुदतीच्या ठेवीवर ५.४ टक्के व्याज मिळत होते आणि त्याच वर्षी किरकोळ महागाईचे सरासरी मान ६.२ टक्के होते. म्हणजे ठेवीदार व्याज घेत होता आणि त्याच वेळी आतून झिजतही होता. याउलट २०२५ च्या ऑक्टोबरात किरकोळ महागाईचा दर पाव टक्क्यावर आला, तेव्हा सहा-सव्वासहा टक्के व्याजाची खरी किंमत पाच वर्षांपूर्वीपेक्षा पुष्कळच अधिक होती. १९७४ साली महागाईने पंचवीस टक्क्यांची मजल गाठली होती; त्या काळातील 'चांगल्या' व्याजदरांचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही आठवावे. अर्थात सरकारी निर्देशांकाची टोपली आणि सत्तरीतील माणसाची टोपली एक नसते. भाजी स्वस्त झाल्याने निर्देशांक खाली येतो, परंतु रुग्णालयाचे बिल खाली येत नाही. म्हणून ठेवीदाराची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. तिचे कारण मात्र केवळ रेपो दरात शोधून भागणार नाही.

या तक्रारीवरचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत घातक उपाय मराठवाड्याने अलीकडेच अनुभवला आहे. बँक सहा-सात टक्के देते आणि शेजारची मल्टिस्टेट पतसंस्था बारा ते चौदा टक्क्यांचे आश्वासन देते, या फरकाला भुलून बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये असंख्य कुटुंबांनी आपली पुंजी ठेवली. २०२३ साली ती अडकली. अशा पतसंस्थांच्या ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नाही, ही गोष्ट ठेव ठेवताना कोणी सांगितली नव्हती आणि कोणी विचारलीही नव्हती. नागरी बँकांच्या ठेवींना ते संरक्षण आहे. उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२१ च्या जानेवारीत आणि सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा २०२२ च्या सप्टेंबरात रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांना आधार होता तो विम्याचाच. त्याची मर्यादा २०२० च्या फेब्रुवारीत एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली होती, हे त्यांचे भाग्य.

पतसंस्थेने हात पोळल्यावर माणूस शेअर बाजाराकडे वळतो. २०२० च्या मार्चअखेर देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. पाच वर्षांत ती एकोणीस कोटींच्या वर गेली. या गर्दीतील तरुणांना भाव वाढण्याची घाई असते. वयस्करांना हवा असतो लाभांश. तो नियमित मिळावा आणि व्याजापेक्षा थोडा जास्त मिळावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते. ती कितपत पुरी होऊ शकते, हे तामलवाडीच्याच कारखान्यावरून पाहता येईल.

बालाजी अमाईन्सची स्थापना १९८८ साली झाली आणि तिचा पहिला कारखाना तामलवाडीत उभा राहिला. मिथिलअमाईन, इथिलअमाईन व त्यांपासून होणारी रसायने औषधे आणि कीटकनाशके बनविणाऱ्या कारखान्यांना लागतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधासाठी लागणारा एक कच्चा पदार्थही त्यांत आहे. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात असा उद्योग तीन दशके टिकावा, वाढावा, हे कौतुकास्पदच आहे. या कंपनीने २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी शेअरमागे अकरा रुपये, म्हणजे ५५० टक्के लाभांश दिला. वर्तमानपत्रात असा आकडा वाचल्यावर सहा टक्के व्याज घेणाऱ्या माणसाला आपण आजवर अडाणीच राहिलो असे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु हे ५५० टक्के आहेत शेअरच्या दर्शनी किंमतीवर, आणि ती आहे दोन रुपये. बाजारात तो शेअर दोन रुपयांना कोणी देत नाही. २०२१ च्या तेजीत त्याचा भाव पाच हजारांपर्यंत गेला होता. त्या भावाने एक लाख रुपयांचे वीस शेअर आले असते. त्या आर्थिक वर्षाचा लाभांश होता शेअरमागे सहा रुपये, म्हणजे लाखाला वर्षाचे एकशेवीस. पुढे लाभांश अकरा रुपयांवर गेला तेव्हा दोनशेवीस. हाच लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ च्या एप्रिलनंतर ठेवला असता, तर ८.२ टक्के दराने वर्षाला आठ हजार दोनशे रुपये मिळाले असते. शिवाय २०२५ साली त्या शेअरचा भाव बहुतेक काळ दोन हजारांच्या आतच राहिला. दीड हजाराच्या भावाने पाहिले तर वीस शेअरांची किंमत उरते तीस हजार.

यात कंपनीचा काही अपराध नाही. उलट तिचे वर्तन सावध मालकाला शोभेसे आहे. करोनाकाळात रसायनांच्या किंमती चढल्या, नफा फुगला, तेव्हा तिने तो सगळा वाटून टाकला नाही. पुढे किंमती उतरल्या, नफा लागोपाठ घटला, तेव्हा लाभांशही कापला नाही. कारखाना वाढविण्यासाठी नफा राखून ठेवणारी कंपनी थोडा लाभांश देणार, हे ठरलेलेच आहे. चूक होते ती वाचणाऱ्याची. दर्शनी किंमतीवर टक्केवारी सांगण्याची आपल्याकडील जुनी रीत या चुकीला हातभार लावते. शेअर दहा किंवा शंभर रुपयांना विकला जात असे, त्या काळी या टक्केवारीला काही अर्थ होता. १९७४ साली केंद्र सरकारने वटहुकूम काढून लाभांशावर मर्यादा घातली, तीही दर्शनी किंमतीच्या बारा टक्के किंवा नफ्याचा एक तृतीयांश यांतील कमी असेल तेवढीच. आज हा आकडा जाहिरातीपलीकडे काही सांगत नाही. लाभांश बाजारभावाच्या किती टक्के पडतो, तेवढेच उत्पन्न शोधणाऱ्याच्या कामाचे आहे.

ज्या कंपन्यांचा लाभांश बाजारभावाच्या सहा-सात टक्के पडतो, अशाही आहेत. त्यांतील ठळक म्हणजे कोल इंडिया. २०१० साली सरकारने तिचे शेअर २४५ रुपयांना विकले, लहान गुंतवणूकदाराला पाच टक्के सवलतीने. २०१३-१४ मध्ये तिने शेअरमागे २९ रुपये वाटले. एवढा मोठा लाभांश कोणत्या ठेवीने दिला असता? पण २०१९-२० मध्ये तोच १२ रुपयांवर आला आणि २०२० च्या हिवाळ्यात शेअरचा भाव १२० रुपयांच्या खाली गेला. दहा वर्षे सांभाळलेले मुद्दल अर्धे झालेले पाहून विकून मोकळे होणाऱ्यांची गैरसोय समजण्यासारखी आहे. ज्यांनी विकले नाही त्यांना २०२४-२५ साठी साडेसव्वीस रुपये मिळाले, म्हणजे मूळ खरेदीवर अकरा टक्क्यांहून अधिक. यावरून धीर धरणारा जिंकतो असे कोणी म्हणेल. पण धीर धरायला दुसरीकडून घरखर्च चालावा लागतो, आणि ज्याला लाभांशावरच घर चालवायचे आहे त्याची नेमकी तीच अडचण असते. सरकारी कंपनीचा लाभांश ठरविताना सरकारची गरजही बोलत असते, हेही विसरता कामा नये. २०१६ च्या सूचनेनुसार अशा कंपन्यांनी नफ्याच्या तीस टक्के किंवा नक्त मूल्याच्या पाच टक्के, यांतील जे अधिक असेल तेवढा लाभांश देणे अपेक्षित होते. २०२४ च्या नोव्हेंबरात पाचाचे चार टक्के झाले. नियम करणारा आणि लाभांश घेणारा येथे एकच आहे.

लाभांशाच्या भरवशाची सर्वांत मोठी परीक्षा मात्र महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने यापूर्वीच दिली आहे. युनिट ट्रस्टची १९६४ ची योजना म्हणजे पगारदारांच्या दोन पिढ्यांचे श्रद्धास्थान. पहिल्या वर्षी ६.१ टक्के देणाऱ्या या योजनेने १९९० नंतरच्या काही वर्षांत २६ टक्क्यांपर्यंत लाभांश दिला. जुलै आला की युनिटचा लाभांश यायचा, आणि मुलांच्या फिया व पावसाळ्यापूर्वीची बेगमी त्या हिशेबाने ठरायची. पण ट्रस्टचे पैसे हळूहळू शेअरांत अधिकाधिक गुंतत गेले, शेअरांचे भाव पडले, तरी युनिटची किंमत आणि लाभांश त्या मानाने ठरेनात. १९९८ च्या ऑक्टोबरात राखीव निधी १,०९८ कोटी रुपयांनी उणे असल्याचे बाहेर आले. २००१ च्या जुलैत खरेदी-विक्रीच थांबविण्यात आली, आणि अखेर सरकारला हमी देऊन ६.७५ टक्क्यांच्या रोख्यांत योजना गुंडाळावी लागली. लाभांश नियमित येत होता, म्हणून तो कुठून येतो असे कोणी विचारले नाही. बीडच्या ठेवीदारानेही ते विचारले नव्हते.

हाच प्रश्न टोलनाक्यालाही लावून पाहावा. तामलवाडीचा नाका ज्या सोलापूर-येडशी रस्त्यावर आहे, तो रस्ता आयआरबी समूहाच्या ज्या न्यासाकडे गेला, त्यात २०२० साली सिंगापूर सरकारच्या जीआयसी या गुंतवणूक संस्थेने ४९ टक्के भाग घेतला. तुळजापूरच्या भाविकाने भरलेल्या टोलचा अंश सिंगापूरला पोचतो, ही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रंजक वाटावी अशी गोष्ट आहे. सामान्य माणसाला त्या न्यासाचे युनिट सहजी मिळत नाहीत. पण त्याच समूहाचा दुसरा, खुला न्यास २०१७ च्या मे महिन्यात बाजारात आला होता. १०२ रुपयांना घेतलेले युनिट २०२० च्या टाळेबंदीत तीस रुपयांखाली गेले. येथे एक बारकावा आहे. रस्त्याचा करार ठराविक वर्षांचा असतो; मुदत संपली की रस्ता सरकारकडे परत जातो. म्हणून अशा न्यासाकडून येणाऱ्या पैशांत काही भाग स्वतःच्याच मुद्दलाचा असतो. तो सगळा खर्च करणारा माणूस आंबे विकतो आहे अशा समजुतीत बाग विकत असतो.

याखेरीज कराची बाजू आहे. २०२० च्या मार्चपर्यंत लाभांशावरील कर कंपनी भरत असे. त्यानंतर तो घेणाऱ्याच्या उत्पन्नात मिळविला जातो. बहुतेक निवृत्तांना आता त्याची झळ बसत नाही. त्याहून त्रासदायक आहे वेळ. कंपनीचा लाभांश बहुधा वार्षिक सभेनंतर, ऑगस्ट-सप्टेंबरात एकदाच येतो. औषध दुकानदार वार्षिक सभेची वाट पाहत नाही. आणि पत्ता किंवा बँक बदलल्याने सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही, तर लाभांशाबरोबर शेअरही सरकारी निधीत जमा होतात. ते सोडविण्याचा खटाटोप वारसांना पुरून उरतो.

मग लाभांशाला निवृत्ताच्या हिशेबात जागाच नाही काय? आहे, पण ती पहिली नव्हे. महिन्याचा अनिवार्य खर्च आधी सरकारी हमीच्या उत्पन्नातून निघाला पाहिजे. ज्येष्ठ नागरिक योजनेत तीस लाखांपर्यंत, टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला नऊ लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे सात वर्षांचे बचत रोखेही आहेत. या भागातील बहुतेक निवृत्तांची पुंजी एवढ्यातच सामावते. त्यावर जे उरेल, जे दहा वर्षे पाहिले नाही तरी चालेल, ते अनेक कंपन्यांत विभागून ठेवावे. अशा शेअरांचा वाढता लाभांश महागाईशी काही अंशी सामना देतो आणि तेथे त्याचा उपयोग खरा आहे. कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नाकडे शेतकरी ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने लाभांशाकडे पाहिले तर निराशा होत नाही: आले तर आनंद, पण त्यावर उसनवारी नाही.

महागाईपासून संरक्षण देण्याचे काम शेअर बाजारावर सोपवून सरकारला मात्र मोकळे होता येणार नाही. २०१३ च्या डिसेंबरात किरकोळ महागाईच्या निर्देशांकाशी निगडित बचत रोखे निघाले होते. निर्देशांकाच्या वाढीवर दीड टक्का व्याज अशी त्यांची रचना होती. चार महिन्यांच्या आत ते बंद झाले. प्रतिसाद अल्प होता हे खरे, पण तो का अल्प होता? व्याज दहा वर्षे साठवून एकदम मिळणार होते. साठीतील माणसाला दहा वर्षांनंतरची रक्कम दाखवून आजचा किराणा भरता येत नाही. तेच रोखे तिमाही व्याजाने, टपाल कार्यालयातून, विकायला काढले तर सरकारवर पडणारा बोजा महागाई आटोक्यात ठेवण्याच्या त्याच्याच यशावर अवलंबून राहील. आणि तामलवाडीच्या निवृत्त शिक्षकाला ५५० टक्क्यांचा अर्थ लावत बसण्याची गरज उरणार नाही.