कादंबरी दुसऱ्यांदा लिहिताना

आपल्या वस्त्यांतून कथा-कवितांबरोबर आता कादंबऱ्याही लिहिल्या जात आहेत. कांजूरमार्गच्या चाळींतून, भांडुपच्या डोंगरावरून फुलस्केप वह्या माझ्याकडे येतात. दिवसभर हिशेबाचे रकाने भरल्यावर रात्री त्या वाचायला मला आवडते.

या वह्यांत एक गोष्ट हमखास आढळते. बापाची कंपनी बंद पडली की त्याच्या हृदयाचे तुकडे होतात, आईच्या डोळ्यांतून महापूर लोटतो आणि भाऊ वेदनेच्या गर्तेत पडतो. पहिल्या खर्ड्यात हे चालायचेच. हात भरधाव असतो, सापडेल तो शब्द टाकून माणूस पुढे जातो. पण फेरलेखनाला बसल्यावर अशा प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि स्वतःला विचारावे, हे मी पाहिले की सिनेमात ऐकले?

एका तरुणाच्या वहीत बेकार झालेल्या बापाचे रडणे दीड पान होते. मी विचारले, "तुझे वडील खरेच असे रडले का रे?"

"नाही काका. ते रोज सकाळी सातला डबा घेऊन निघायचे. स्टेशनच्या बाकावर बसायचे आणि सुटीच्या वेळेला घरी यायचे. आईला ठाऊक होते. तरी ती डबा भरून द्यायची."

"मग हे वहीत कुठे आहे?"

"यात काय लिहायचे काका?"

अहो, यातच सगळे आहे! बापाची लाज त्या सातच्या ठोक्यात आहे आणि आईची माया डब्याच्या झाकणाखाली. त्या डब्यात काय होते, हे मात्र त्याला आठवेना. आईला विचार म्हटले, तर मान खाली घालून बसला. विचारायला धीर होईना. कादंबरीचे फेरलेखन असे घरापर्यंत येऊन पोहोचते.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केले. त्यातला 1901 चा मसूर स्टेशनचा प्रवास लिहिणाऱ्याने जरूर वाचावा. मुले वडिलांना भेटायला निघाली आहेत. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळते. बरोबर खायला भरपूर आहे, पण पाणी कोणी देत नाही, म्हणून मुले न जेवताच झोपतात. जेवण असून उपाशी! एवढे कळले की वाचकाला रडायला सांगावे लागत नाही.

दया पवारांनी 1978 च्या 'बलुतं'मध्ये वेगळीच वाट काढली. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. सोसणारा एक आणि ऐकणारा दुसरा. मला वाटते, आपलेच दुःख लिहिताना गळा दाटून येतो, तेव्हा एवढे अंतर फार उपयोगी पडते.

याचा अर्थ भावनेचा प्रत्येक शब्द खोडायचा असा नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या मयताला बोलून बोलून रडतात. मेलेल्याने कोणाला उसने दिले, कधी रुसला, सगळे त्या रडण्यात येते. ते तिच्या तोंडी, तिच्याच बोलीत राहू द्यावे. लेखकाने मध्ये पडून 'ती शोकाकुल झाली' असे सांगू नये, एवढेच. आणि त्रास देणाऱ्या मुकादमालाही एखादी भीती असू द्या. नुसते लालबुंद डोळे आणि दातओठ यांनी माणूस उभा राहत नाही.

दुसरा खर्डा झाला की घरात मोठ्याने वाचून दाखवावा, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांना. 'फार छान लिहिलेस' असे म्हणून त्या उठल्या, तर ते पान अजून कच्चे आहे. मधेच थांबवून कोणी म्हणाले, "नाही रे, तेव्हा ती अशी बोलली नव्हती," तर वही मिटून आधी त्यांचे ऐकून घ्यावे.