मुळी नव्हे, घोरपड

हत्था जोडी ही दुर्मीळ वनस्पतीची मुळी असून ती तिजोरीत ठेवली की लक्ष्मी टिकते, खटला जिंकता येतो, असे सांगून ती विकली जाते. ‘मुळी घेतल्याने कुणाचा जीव जातो?’ हा विकणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद आहे. त्याचा पायाच खोटा आहे. 2017 मध्ये वन्यजीव अभ्यासकांनी नमुने तपासले, तेव्हा ही ‘मुळी’ म्हणजे नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असल्याचे उघड झाले. काही नमुने तर प्लास्टिकचे निघाले.

यावर म्हणतात, ‘इतक्या पिढ्या लोक फसतील कसे?’ फसतात. इ.स.पू. 400 च्या सुमारास ग्रीक वैद्य क्टेसियसने भारतातल्या एकशिंगी रानगाढवाचे वर्णन केले. त्याच्या शिंगातून प्यायल्यास विष बाधत नाही, असे त्याने लिहिले. पुढे युरोपातल्या राजांनी असे शिंग मोठी किंमत मोजून घेतले. ते होते नारव्हाल या ध्रुवसमुद्रातल्या देवमाशाचे पिळदार सुळे. 1638 मध्ये डेन्मार्कच्या ओले वर्मने ते सिद्ध केले. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याला मात्र तो दात आहे हे आधीपासून ठाऊक होते. म्हणजे खोटे नाव शिकारीच्या जागी जन्मत नाही. माल दूर गेला, ओळखणारे मागे राहिले की ते चिकटते, आणि किंमत त्या नावालाच मिळते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या रानात वावरणाऱ्याला घोरपड ओळखायला पुस्तक लागत नाही. हे ज्ञान बाजारापर्यंत पोहोचले पाहिजे. ‘सत्य सांगून व्यापार थांबतो का?’ हा आक्षेप रास्त आहे. वर्मनंतरही डेन्मार्कच्या राजाचे सिंहासन त्याच सुळ्यांनी मढवले गेले. म्हणून कायदाही हवाच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे आणि तिच्या शिकारीला किमान 3 वर्षांची कैद आहे. ‘गरिबाच्या पोटावर पाय येतो’ असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे: कैदेची जोखीम घोरपड धरणाऱ्याच्या माथी असते आणि किंमत नाव देणाऱ्याच्या हाती पडते. म्हणूनच आठवडी बाजारात जिथे जडीबुटीची पथारी पसरते, तिथे ग्रामसभेने आणि वनखात्याने मराठीत व गोंडीत खरे नाव लिहून लावावे. ज्याला ‘मुळी’ हवी होती, तो घोरपडीचे इंद्रिय देवघरात ठेवायला सहसा धजणार नाही.